‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नक्की कुठे?

प्रति,
मा. महासंचालक,
भारत हवामानशास्त्र विभाग,
मौसम भवन, लोदी रोड, नवी दिल्ली

महोदय,

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात सोयाबीनची काढणी जोरात आहे. चार एकरांचे कापलेले पीक रानात आडवे पडलेले. सायंकाळच्या बातम्यांत निवेदिका वाचते, ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे.’ घरातला कर्ता माणूस ताटावरून उठून अंगणात येतो आणि आभाळाकडे बघत उभा राहतो. गंजी लावायची तर आत्ताच गडी गोळा करायला हवेत, आणि ऐन हंगामात रात्री कामाला येणारा गडी दिवसाच्या मजुरीत येत नाही. ताडपत्री एकच, ती दोन गंज्यांना पुरत नाही. मळणीयंत्रवाल्याने उद्या सकाळी दहाची वेळ दिली आहे. पाऊस आला तर शेंगेतच दाण्याला मोड येतील, दाणा काळवंडेल, हमीभावाच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर पोती परत आणावी लागतील. नाही आला, तर रात्रीची मजुरी अंगावर पडेल.

त्या रात्री त्याने काय करावे, हे त्या वाक्यातून कळत नाही. वाक्य खोटे नाही. ते खोटे ठरणेच अवघड आहे. आपल्या विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या उपविभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. मराठवाडा हा देशातल्या ३६ हवामान उपविभागांपैकी एक. आठ जिल्हे, सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर जमीन. किनवटला सर आली आणि आष्टी कोरडी राहिली तरी अंदाज बरोबर. आष्टीला आली आणि किनवट कोरडे राहिले तरी बरोबर. या दोन गावांत तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. जिल्हानिहाय अंदाजही आपण देता, पण तिथेही शब्द हेच, आणि एकटा लातूर जिल्हाच सात हजार चौरस किलोमीटरांचा आहे.

हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. वेधशाळेचे अंदाज चुकतात अशी तक्रार करण्यासाठी ते लिहिलेले नाही. अंदाज किती सुधारले आहेत हे ज्याला पाहायचे असेल त्याने ओडिशाच्या किनाऱ्याकडे पाहावे. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे महाचक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ त्याच किनाऱ्याकडे निघाले. परदेशातल्या काही संस्था ते १९९९ च्या तोडीचे महाचक्रीवादळ ठरेल असे सांगत होत्या. आपला विभाग स्वतःच्या आकड्यांवर ठाम राहिला. १२ ऑक्टोबरला ते गोपाळपूरजवळ जमिनीवर आले. तोवर दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. २०१९ च्या मे महिन्यात ‘फनी’ पुरीजवळ धडकले, त्या वेळी सुमारे बारा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी नेले होते. वेधशाळेने सांगितले, प्रशासनाने ऐकले, माणसे वाचली. याचे श्रेय आपल्या माणसांना जेवढे मिळायला हवे तेवढे अजून मिळालेले नाही.

आणि वादळ शांत झाल्यावर आपला विभाग आणखी एक गोष्ट करतो, जी या पत्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. तो हिशेब मांडतो. वादळाचे केंद्र आम्ही सांगितलेल्या जागेपासून किती किलोमीटरांवर निघाले, जमिनीवर येण्याची वेळ किती तासांनी चुकली, वाऱ्याचा वेग किती कमी-जास्त भरला, हे सगळे अहवालात छापले जाते. वादळाच्या बाबतीत जे होते ते औशाच्या पावसाच्या बाबतीत का होत नाही? हंगाम संपल्यावर अचूकतेची टक्केवारी अहवालांत येते, हे खरे. पण ती इंग्रजीत, सरासरीच्या रूपात, आणि सोयाबीन विकून झाल्यावर.

पुण्यात शिवाजीनगरच्या एका चौकाला लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. रिक्षावाल्याला वेधशाळा म्हटले तर तो क्षणभर विचार करील, सिमला ऑफिस म्हटले की थेट नेऊन सोडतो. आपल्या विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आले आणि नाव मागे ठेवून १९४४ मध्ये दिल्लीला गेले. शेतकऱ्यांसाठीचा कृषी हवामान विभाग अजून पुण्यातच आहे. विभागाचा जन्म १८७५ चा, आणि त्याला कारण झाले ते १८६४ चे कोलकात्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ या वर्षांत दगा दिलेला पाऊस. म्हणजे समुद्रावरचा माणूस आणि रानातला माणूस, या दोघांसाठी हे खाते निघाले. दीडशे वर्षे पुरी झाली तेव्हा समुद्रावरच्या माणसाला त्याची भाषा मिळालेली होती. रानातला अजून वाट पाहतो आहे.

समुद्रावरची भाषा कशी आहे ते हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरात जाऊन पाहावे. वारा वाढणार असला की ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे धक्क्यावरचे कोणीही सांगते. बंदरांवरचे हे इशारे एक ते अकरा क्रमांकांचे. कुठला क्रमांक लागला की होडी काढायची नाही आणि कुठला लागला की आहे ती आणखी आत घ्यायची, हे तांडेलाला शिकवावे लागत नाही. आकडा एक, अर्थ एक, आणि करायचे काम एक. कोलकाता बंदराला वादळाचे इशारे देण्याची सुरुवात १८६५ मध्ये झाली, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. पावसाच्या अंदाजाला असा बावटा नाही. लाल, केशरी, पिवळा हे रंग आले, आणि ते चांगलेच झाले. पण बातमीत रंग सांगितला जातो आणि त्यामागचा आकडा सांगायचा राहतो.

आता आकड्यांचेच बघू. आपल्या इंग्रजी पत्रकात ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ च्या वर, अशा पायऱ्या तळटीपेत दिलेल्या असतात. मराठी बातमीपर्यंत येता येता तिन्ही पायऱ्या झिजून एकच शब्द उरतो, ‘शक्यता’. तीस टक्क्यांचीही शक्यता आणि ऐंशी टक्क्यांचीही शक्यता. पेरणीच्या दिवसांत या दोन्हींत एका बियाण्याच्या पिशवीचा आणि एका दुबार पेरणीचा फरक असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दर जूनमध्ये सांगते. मृगाचा पाऊस साठ मिलिमीटर होऊन थांबला, रान वाफशावर आले, शेजारी पाभर घेऊन निघाला, अशा सकाळी ‘येत्या तीन दिवसांत पावसाची शक्यता’ या वाक्याच्या भरवशावर पंधरा हजारांचे बी मातीत जाते.

एका शब्दाची तर वेगळीच अडचण आहे. आपल्या मोजपट्टीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, तिथून २०४.४ पर्यंत अति मुसळधार, आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात मात्र मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती ‘अतिवृष्टी’. पंचनामा तिच्यावर, नुकसानभरपाई तिच्यावर. आणि वर्तमानपत्रे आपला लाल इशारा आला की मथळा देतात, ‘अतिवृष्टीचा इशारा’. तलाठ्याच्या तोंडची अतिवृष्टी ६५ ची आणि मथळ्यातली २०५ ची. चावडीवर बसलेल्याने कुठली धरायची? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीने काठावरच्या गावांत जे पाणी घुसवले, ते पाहिल्यानंतर या दोन आकड्यांतले अंतर कोणालाही किरकोळ वाटणार नाही.

दिवस कधी सुरू होतो, हाही असाच न सांगितलेला तपशील. सकाळी साडेआठला वेधशाळेतला निरीक्षक पर्जन्यमापकापाशी जातो. वरचे नरसाळे काढतो, आतल्या बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओततो, माप डोळ्यांच्या रेषेत धरून पातळी वाचतो आणि नोंदवहीत त्या सकाळची तारीख घालतो. पाऊस आदल्या दिवशी दुपारी पडलेला असला तरी तारीख आजची. त्यामुळे ज्या पावसाला अख्खी मुंबई ‘सव्वीस जुलै’ म्हणते, तो आपल्या दप्तरात २७ जुलै २००५ च्या नावावर आहे. नोंद ठेवायची ही पद्धत शास्त्राला सोयीची आहे. पण अंदाजातला ‘आज’ही जेव्हा उद्या सकाळी साडेआठला संपतो, तेव्हा पहाटे चारला आलेला पाऊस वेधशाळेच्या लेखी ‘आजचा’ आणि शेतकऱ्याच्या लेखी ‘उद्याचा’ होतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि दोघांचेही एकमेकांबद्दलचे मत वाईट होते.

त्याच सव्वीस जुलैच्या नोंदीत आणखी एक आकडा आहे. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. एक शहर, दोन केंद्रे, मध्ये वीस-बावीस किलोमीटर. त्या वेळी मुंबईवर डॉप्लर रडार नव्हते. आज कुलाब्याला आहे, वेरावलीलाही आहे, आणि पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज मोबाइलवर येतो. तरीही रात्रीच्या बातमीत मुंबई एकच.

देश एवढा मोठा आहे की एकाच दिवशी एकाच पत्रकात चार ऋतू मावतात. डिसेंबरच्या एखाद्या सकाळी काश्मीरमध्ये बर्फ, अमृतसरपासून पाटण्यापर्यंत दाट धुके, विदर्भात थंडीची लाट, आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचा जोर. पण हे चारही सारख्याच खात्रीने सांगता येत नाहीत, आणि हीच गोष्ट लोकांना कधी सांगितली जात नाही. काश्मीरला बर्फ आणणारा पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून येतो. हजारो किलोमीटरांचा प्रवास, उपग्रहाला तो चार दिवस आधी दिसतो. बंगालची कालबैसाखी दुपारी तापलेल्या जमिनीवर उभी राहते आणि संध्याकाळपर्यंत मोकळी होते. आदल्या दिवशी तिचे फक्त वातावरण सांगता येते, गाव सांगता येत नाही. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात धुळीच्या वादळाने शंभराहून अधिक माणसे मारली, ते याच जातीचे. लेहमध्ये ऑगस्ट २०१० ची ढगफुटी झाली तेव्हा खुद्द तिथल्या पर्जन्यमापकात किरकोळ पाऊस नोंदला गेला आणि शेजारच्या नाल्यांनी वस्त्या वाहून नेल्या.

डोंगराळ मुलखात तर उपविभाग हा शब्दच अपुरा पडतो. चेरापुंजीला वर्षाला अकरा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, पन्नास-साठ किलोमीटरांवरच्या शिलाँगला त्याच्या एक पंचमांश. आपल्याकडे महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर आणि घाट उतरून वाईला आले की हजारसुद्धा नाही. दोन्ही सातारा जिल्ह्यात, दोन्ही ‘मध्य महाराष्ट्रात’. इथे एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाटमाथ्यासाठी आपण आता वेगळा इशारा देता. ‘सातारा घाट’ असे दोन शब्द पत्रकात आल्यापासून माण-खटावच्या माणसाला कळते की लाल रंग आपल्यासाठी नाही, आणि तापोळ्याच्या माणसाला कळते की तो आपल्यासाठीच आहे. दोन शब्दांनी एवढे काम झाले. हे शक्य आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

लाल रंगाची मात्र एक वेगळी कसोटी असते. ८ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि लोकल ठप्प झाल्या. पुढच्या दिवसासाठी लाल इशारा लागला, ९ जुलैला शाळा-महाविद्यालयांना सुट्टी दिली गेली, आणि पाऊस फारसा झालाच नाही. मुलांना घरी ठेवणे चूक नव्हते. दहांतल्या सात वेळा खरा ठरणारा इशारा तीन वेळा खोटा ठरणारच, हे कोणत्याही आईला समजावून सांगता येते. पण ते आधी सांगावे लागते आणि नंतर मोजून दाखवावे लागते. दोन्ही न झाल्याने त्या दिवशी लोकांनी एकच निष्कर्ष काढला, की वेधशाळा म्हणते त्याच्या उलट होते. पुढचा लाल इशारा खरा असेल तेव्हा या निष्कर्षाची किंमत कोणाला मोजावी लागेल?

लोक प्रामाणिकपणा ओळखतात. २९ मे २०२४ ला दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंशांचा आकडा दाखवला, जगभर बातमी झाली. आपण तपासणी केली, त्या यंत्राचा संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता असे निघाले, आणि तसे जाहीर केले. त्याने विभागाची पत कमी झाली नाही.

मराठवाड्यात आणि विदर्भात गावोगाव परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डख यांचे अंदाज मोबाइलवर ऐकले जातात. त्यांच्या पद्धतीवर हवामानशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, आणि शास्त्राच्या बाजूने ते घ्यायलाच हवेत. पण लोक त्यांना का ऐकतात, हा प्रश्न आक्षेपाने सुटत नाही. ते तारीख सांगतात, जिल्ह्यांची नावे घेतात, आणि काढलेले पीक झाकून ठेवा असे शेतकऱ्याच्या बोलीत सांगतात. खरे-खोटे बाजूला ठेवले तरी ऐकणाऱ्याला रात्री काय करायचे ते कळते. आपल्याकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, महासंगणक आहेत. बोली तेवढी दुसऱ्याकडे आहे.

साधनांची तर आता उणीव राहिलेली नाही. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कामाला लागली. पूर्वीची प्रणाली बारा किलोमीटरांच्या चौकटीत देश पाहायची, ही सहा किलोमीटरांच्या चौकटीत पाहते. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीपर्यंतचे अंदाज द्यायला सुरुवात झाली आहे. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाने महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी केली, म्हणजे पाऊस कुठे झाला हे दुसऱ्या दिवशी मंडळापर्यंत मोजता येते. अंदाज बारीक झाला, मोजणी बारीक झाली, आणि नेमक्या त्याच सुमारास, २०२४ मध्ये, कृषी विज्ञान केंद्रांमधली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद झाली. अंदाज हातात घेऊन ‘उद्या फवारणी नको, परवा सकाळी करा’ असे शेतकऱ्याला सांगणारी माणसे तिथे बसत होती. तो निर्णय एकट्या आपल्या विभागाचा नसेल. पण ती केंद्रे पुन्हा उघडावीत यासाठी सगळ्यात वजनदार शब्द आपलाच ठरेल, आणि तो आपण उघडपणे टाकावा, अशी या पत्राची पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती त्याहून सोपी आहे. तिला नवा महासंगणक लागत नाही, नवे रडार लागत नाही. एका उपविभागात, एका हंगामासाठी, अंदाजाचे वाक्य बदलून पाहावे. मराठवाडा घ्यावा, कारण तिथे चुकीची किंमत सगळ्यात जास्त आहे. तालुका सांगावा, तास सांगावेत, शक्यता आकड्यात सांगावी. आणि उद्याच्या अंदाजाशेजारी कालच्या अंदाजाचा हिशेब द्यावा. तोही मराठीत, आकाशवाणीवर, बाजार समितीच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या मोबाइल गटात. सुरुवातीला हिशेब वाईट दिसेल. काही वर्तमानपत्रे त्याचे मथळे करतील. दोन-तीन आठवड्यांत लोकांच्या लक्षात येईल की दहांत आठ सांगितले तेव्हा बहुतेक वेळा पाऊस आला, आणि दहांत दोन सांगितले तेव्हा बहुतेक वेळा आला नाही.

परतीच्या पावसातल्या एखाद्या सोमवारी सायंकाळी ते वाक्य असे वाचले जावे :

‘लातूर जिल्हा, औसा आणि निलंगा तालुके. उद्या, मंगळवारी दुपारी तीन ते रात्री दहा, विजांसह पाऊस, दहांत सहा. पन्नास मिलिमीटरांच्या वर जाण्याची शक्यता, दहांत एक. उद्या सकाळपासून दुपारपर्यंत कोरडे, दहांत नऊ. आजसाठी दहांत सात सांगितले होते. निलंग्यात १८ मिलिमीटर झाला, औशात झाला नाही.’

मळणीयंत्र सकाळी दहाला येणार आहे. पाऊस आलाच तर दुपारी तीननंतर. तेवढ्या वेळात चार एकर निघत नाही, पण अडीच निघते. उरलेल्या दीड एकराची एकच गंजी होते, आणि एका गंजीला एक ताडपत्री पुरते.

कळावे.